नेत्यामागे गाव कधी जाते?

४ जून २०२४. धुळे लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी चालू होती आणि सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे डॉ. सुभाष भामरे पुढे होते. पाचही क्षेत्रांची मिळून त्यांची आघाडी जवळपास १ लाख ९० हजारांची झाली होती. सहावे क्षेत्र होते मालेगाव मध्य. तिथे काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना १ लाख ९८ हजारांहून अधिक मते पडली, तर भामरे यांना पाच हजारसुद्धा नाहीत. सगळी बेरीज-वजाबाकी झाली तेव्हा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या होत्या. दोन वेळा खासदार राहिलेले, केंद्रात संरक्षण राज्यमंत्री झालेले भामरे हरले होते.

त्याच दिवशी शेजारच्या जळगाव जिल्ह्यात वेगळेच घडत होते. जळगावमधून भाजपच्या स्मिता वाघ अडीच लाखांनी आणि रावेरमधून रक्षा खडसे पावणेतीन लाखांच्या आसपास मताधिक्याने निवडून आल्या. महाराष्ट्रात भाजपचे जेमतेम ९ खासदार आले त्या निवडणुकीत त्यातले दोन एकट्या जळगाव जिल्ह्याच्या वाट्याचे होते. तापीच्या एकाच खोऱ्यातले, १९०६ पर्यंत एकाच खान्देश जिल्ह्यात नांदलेले, घरात तीच अहिराणी बोलणारे आणि मुली एकमेकांकडे देणारे हे दोन जिल्हे. मग कौल इतका वेगळा कसा?

उत्तराचा पहिला भाग नकाशात आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतरचा धुळे लोकसभा मतदारसंघ म्हणजे धुळे जिल्हा नव्हे. त्यातली मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण ही तीन क्षेत्रे नाशिक जिल्ह्यातली. उरलेली धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा ही तीन धुळ्याची. धुळे जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर हे तालुके मत देतात नंदुरबारच्या खासदारासाठी. त्यामुळे ‘धुळ्याने काँग्रेसला निवडले’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. जळगाव जिल्ह्याचेही दोन तुकडे आहेत. जळगाव, अमळनेर, एरंडोल, पाचोरा, चाळीसगाव हा पश्चिमेचा भाग जळगाव मतदारसंघात येतो. चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर हा दुसरा भाग बुलढाण्याच्या मलकापूरला सोबत घेऊन रावेर मतदारसंघ होतो. पश्चिमेकडे मराठा पाटलांची संख्या मोठी, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात लेवा पाटीदारांची वस्ती दाट. कुठल्या गावाला कुठल्या गावाशी बांधले, यावर अर्धी निवडणूक ठरते.

पण नकाशाने सगळे उलगडत नाही. २०१९ लाही मालेगाव मध्य काँग्रेसच्याच बाजूला होते. तरीही भामरे यांनी तेव्हा काँग्रेसच्या कुणाल पाटील यांना २ लाख २९ हजारांनी हरवले होते. म्हणजे त्या वेळी बाकीच्या पाच क्षेत्रांतली त्यांची आघाडी त्याहूनही मोठी असणार. पाच वर्षांत तीही घटली होती, आणि तिथे कारण कांद्याचे होते. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ रोजी ती उठवली. धुळ्याचे मतदान २० मे रोजी झाले. बागलाण आणि मालेगावच्या कांदा उत्पादकाने चाळीतला माल मातीमोल होताना पाहिला होता. सोळा दिवसांत तो राग निवणार नव्हता.

निकालानंतर मालेगावच्या मुस्लिम मतदारांबद्दल भाजपच्या नेत्यांनी ‘व्होट जिहाद’ असे शब्द वापरले. ते शब्द आजही सभांमधून फिरतात. ते उच्चारण्याआधी त्याच मालेगाव मध्यचा पाच-साडेपाच महिन्यांनंतरचा निकाल प्रत्येकाने पाहायला हवा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला तिथे एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि माजी आमदार आसिफ शेख समोरासमोर होते. दोघांनाही लाखाहून अधिक मते पडली आणि मुफ्ती अवघ्या १६२ मतांनी निवडून आले. जूनमध्ये जे शहर एकमुखी दिसले, ते नोव्हेंबरमध्ये बरोबर मधोमध दुभंगले. प्रश्न दिल्लीचा असेल तेव्हा एक हिशेब आणि गल्लीतला प्रतिनिधी निवडायचा तेव्हा दुसरा. मालेगावचा विणकर जे करतो तेच कापडण्याचा पाटील आणि पालचा पावरा करतो. कुठलाही समाज मतांची गासडी नसतो.

खान्देशचा हा स्वभाव जुना आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. पंडित नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांतून मंडपनगरी सजवली होती, आणि धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे इथले कार्यकर्ते दिवसरात्र राबत होते. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी त्यासाठी गावे पायांखाली घातली. शेतकऱ्यांच्या कर्ज-खंडाच्या प्रश्नावर काँग्रेसने तिथे स्वतंत्र कार्यक्रम मांडला. खान्देश म्हणजे काँग्रेस हे समीकरण तिथून रुजले, असे जुनी माणसे सांगतात. त्यात तथ्य आहे. पण वीसच वर्षांत या समीकरणाला मोठा तडा गेला.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाने मराठी मुलूख पेटलेला होता. पश्चिम खान्देशातून, म्हणजे धुळ्यातून, निवडून आले जनसंघाचे उत्तमराव लक्ष्मण पाटील. त्या वेळी देशभरात जनसंघाचे मिळून चारच खासदार लोकसभेत पोचले. बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी त्यातले एक, आणि धुळ्याचे उत्तमराव दुसरे. पूर्व खान्देशाने तर आणखी धीट निवड केली. मुंबईचे पारशी वकील नौशीर भरुचा इथून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. ना जात इथली, ना गाव इथले, ना हाताशी साखर कारखाना की बँक. कपाशी-ज्वारी पिकवणाऱ्या मतदाराने केवळ एका प्रश्नासाठी भरुचांच्या पारड्यात मत टाकले. महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ ला दोन्ही जिल्हे पुन्हा काँग्रेसकडे वळले. प्रश्न सुटला होता, गाव आपल्या जागी परतले होते.

हे उत्तमराव आणि १९४४ साली शिंदखेड्याजवळच्या चिमठाण्याला ब्रिटिश सरकारचा खजिना लुटणाऱ्या क्रांतिकारकांतले डॉ. उत्तमराव पाटील या दोघांची अनेकदा गल्लत होते. डॉक्टर समाजवादी परंपरेतले, अमळनेर तालुक्यातल्या डांगरीचे. जनसंघाचे उत्तमराव पुढे १९८० साली महाराष्ट्र भाजपचे पहिले प्रदेशाध्यक्ष झाले आणि १९८९ ला एरंडोलमधून पुन्हा लोकसभेत गेले. खान्देशातला भाजप राममंदिराच्या लाटेबरोबर आला असे म्हणणाऱ्यांनी हा धागा लक्षात घ्यावा. लाट आली तेव्हा इथे आधीपासून तीस वर्षे कुणीतरी सायकल दामटत गावोगाव शाखा, सभा आणि लग्नकार्ये करत होते. १९९१ ला जळगावमधून डॉ. गुणवंतराव सरोदे निवडून आले आणि तेव्हापासून १९९८ चा अपवाद सोडला, तर जळगावची जागा भाजपने हातची जाऊ दिलेली नाही. त्या एका वेळी काँग्रेसचे डॉ. उल्हास पाटील जिंकले होते.

या निष्ठेची सर्वांत कठीण परीक्षा २००५ साली झाली. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात २३ डिसेंबर २००५ रोजी दोन्ही सभागृहांतून ११ खासदारांना काढण्यात आले. त्यातले दोघे एकाच जिल्ह्यातले होते, जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे एम. के. पाटील. दोघेही भाजपचे. २००७ मध्ये पोटनिवडणुका झाल्या. एरंडोलने शिक्षा दिली आणि राष्ट्रवादीचे वसंतराव मोरे निवडले. जळगावने दिली नाही, भाजपचेच हरिभाऊ जावळे निवडले. एकच लाजिरवाणी बाब, एकच पक्ष, एकच जिल्हा आणि दोन उत्तरे. नवा माणूस कोण आहे हे पाहून जळगावच्या मतदाराने जुने विसरायचे ठरवले असावे. जावळे शेतकरी, केळीच्या बागेत वावरणारे, साध्या राहणीचे म्हणून ओळखले जात.

याच जावळे घराण्याची आणि खिरोद्याच्या चौधरी घराण्याची लढत हा खान्देशच्या राजकारणाचा उत्तम धडा आहे. फैजपूरचे अधिवेशन उभे करणाऱ्या धनाजी नानांचे पुत्र मधुकरराव चौधरी काँग्रेसचे मंत्री आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले. नातू शिरीष चौधरी २००९ ला रावेरमधून अपक्ष म्हणून आमदार झाले. २०१४ ला हरिभाऊ जावळे आले, २०१९ ला पुन्हा शिरीष चौधरी, या वेळी काँग्रेसच्या चिन्हावर. २०२० ला कोरोनाने हरिभाऊंना नेले. २०२४ ला त्यांचे पुत्र अमोल जावळे यांनी शिरीष चौधरी यांचे पुत्र धनंजय यांना हरवले. दोन्ही घरे लेवा पाटीदार, दोन्ही केळीपट्ट्यातली, दोन्ही सुशिक्षित. ‘खान्देशात जातीवर मत पडते’ असे पुण्या-मुंबईला बसून सहज म्हटले जाते. रावेरच्या मतदाराने मात्र दोन्ही बाजूंना एकच जात असताना दर पाच वर्षांनी घर बदलून दाखवले. जात दारापर्यंत आणते. आत कुणाला घ्यायचे ते दुसऱ्याच गोष्टींवर ठरते.

त्या दुसऱ्या गोष्टी समजून घ्यायच्या तर मुक्ताईनगर आणि शिरपूर शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. १९६२ ला जळगावमधून वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आमदार झालेल्या प्रतिभाताई पाटील १९६७ पासून १९८५ पर्यंत इथून निवडून येत राहिल्या आणि २००७ ला त्या राष्ट्रपती झाल्या. १९९० ला याच मतदारसंघातून भाजपचे एकनाथ खडसे आमदार झाले. कोथळीचे नाथाभाऊ सलग सहा वेळा निवडून आले. १९९५ च्या युती सरकारात अर्थ आणि पाटबंधारे खाते, नंतर विरोधी पक्षनेतेपद, २०१४ ला महसूल मंत्रिपद. जिल्ह्यात भाजप म्हणजे नाथाभाऊ असे पंचवीस वर्षे मानले गेले. जून २०१६ मध्ये भोसरीच्या जमीन प्रकरणावरून त्यांना राजीनामा द्यावा लागला. २०१९ ला पक्षाने तिकीट नाकारून त्यांच्या कन्या रोहिणी यांना दिले. त्या दोन हजारांहून कमी मतांनी हरल्या आणि राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावरचे अपक्ष चंद्रकांत पाटील निवडून आले. ऑक्टोबर २०२० मध्ये खडसे राष्ट्रवादीत गेले.

इथे खरा प्रश्न उभा राहिला. तीस वर्षे बांधलेले गाव नाथाभाऊंमागे राष्ट्रवादीत जाणार का? गेले नाही. घरातही दोन भाग पडले. सून रक्षा भाजपमध्येच राहिल्या, २०२४ ला तिसऱ्यांदा खासदार झाल्या आणि केंद्रात राज्यमंत्री. डिसेंबर २०२२ च्या जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत खडसे यांच्या पत्नी मंदाकिनी, ज्या संघाच्या अध्यक्षा होत्या, भाजपचे आमदार मंगेश चव्हाण यांच्याकडून हरल्या. दूध संघाची निवडणूक लहान वाटते. पण गावातल्या दूध डेअरीचा चेअरमन, विकास सोसायटीचा सचिव आणि बाजार समितीचा संचालक ही माणसे कुठल्या बाजूला आहेत, हे कळले की विधानसभेचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. २०२४ ला रोहिणी खडसे पुन्हा मुक्ताईनगरमधून हरल्या.

आता शिरपूर. अमरीशभाई पटेल १९९० पासून काँग्रेसचे आमदार. शिक्षणसंस्था, सूतगिरणी, नगरपालिका हे सगळे त्यांच्याभोवती उभे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या साथीने तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून पाणी अडवण्याचे जे काम झाले ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजले. २००९ ला शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव झाले. अमरीशभाईंना स्वतः लढता येईना, तर त्यांचे सहकारी काशीराम पावरा काँग्रेसकडून आमदार झाले, २०१४ ला पुन्हा झाले. २०१९ ला दोघेही भाजपमध्ये गेले. पावरा भाजपकडून निवडून आले. २०२४ ला तर त्यांचे मताधिक्य १ लाख ४५ हजारांवर गेले, राज्यातले सर्वांत मोठे. भुसावळलाही हेच घडले. संजय सावकारे २००९ ला राष्ट्रवादीचे, २०१४ पासून भाजपचे, आणि मतदारसंघ दोन्ही वेळा त्यांचाच.

दोन्हीकडे नेता पक्ष सोडून गेला. एकीकडे गाव मागे गेले, दुसरीकडे जागीच राहिले. संस्थांचा फरक आहे हे खरे. शिरपूरच्या घराघरात कुणीतरी अमरीशभाईंच्या शाळेत शिकलेले किंवा सूतगिरणीत कामाला लागलेले असते. पण खडसे यांच्या हातीही दूध संघ होता, जिल्हा बँक होती. मोठा फरक दिशेचा आहे. अमरीशभाई सत्तेच्या दिशेने गेले, खडसे सत्तेपासून लांब. उन्मेष पाटील यांच्याबाबतही तेच दिसले. २०१९ ला जळगावमधून ते भाजपचे खासदार झाले तेव्हा मताधिक्य चार लाखांवर होते. एप्रिल २०२४ मध्ये ते उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेत गेले. मित्र करण पवार यांना लोकसभेला उभे केले, ते हरले. नोव्हेंबरमध्ये स्वतः चाळीसगावातून लढले आणि हरले. चार लाखांतले बहुतेक मतदार चिन्हापाशीच थांबले होते.

यामागे लाचारी शोधणे मतदारावर अन्याय करणारे आहे. कोरडवाहू कपाशीच्या पट्ट्यातल्या माणसाचा सरकारशी रोज संबंध येतो. सीसीआयचे कापूस खरेदी केंद्र तालुक्याला कधी उघडणार, केळीचा पीकविमा मंजूर होणार की नाही, सोसायटीचे कर्ज नवे-जुने होणार का, शेतात जाणारा रस्ता, विहिरीचे अनुदान, दवाखान्यातली खाट. ही कामे करून देणारा माणूस सत्तेच्या जवळ हवा, असे त्याला वाटले तर त्यात गैर काय? जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा जळगाव जिल्ह्यातले पक्षाचे चारही आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले, अपक्ष चंद्रकांत पाटील आणि साक्रीच्या मंजुळा गावितही गेल्या. जुलै २०२३ मध्ये अमळनेरचे अनिल पाटील अजित पवारांबरोबर गेले आणि मंत्री झाले. शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटीला गेलेल्यांवर मुंबईत रान उठले होते. खान्देशात मात्र २०२४ ला जळगावच्या अकराच्या अकरा आणि धुळ्याच्या पाचच्या पाच जागा महायुतीने घेतल्या. शोभा बच्छाव खासदार होऊन अजून सहा महिनेही झाले नव्हते.

त्या सहा महिन्यांत काय बदलले? मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. जुलैपासूनचे महिन्याला १,५०० रुपये ऑगस्टमध्ये बायकांच्या खात्यात पडू लागले. २५ ऑगस्टला ‘लखपती दीदी’ मेळाव्यासाठी पंतप्रधान जळगावात आले ते काही योगायोगाने नव्हे. लोकसभेच्या वेळी खान्देशी बाईच्या मताकडे किती कमी लक्ष दिले गेले होते, याची एक साक्ष पंचांगात आहे. जळगाव-रावेरचे मतदान १३ मे २०२४ ला ठेवले गेले. त्या वर्षी अक्षय्य तृतीया १० मे रोजी होती. खान्देशात ती अखाजी. सासुरवाशिणी माहेरी येण्याचा, झोके बांधण्याचा, गौराईची गाणी म्हणण्याचा वर्षातला सर्वांत मोठा सण. मत मात्र सासरच्या गावच्या यादीत. अखाजीला माहेरी आलेल्या मुलीने तिसऱ्या दिवशी मेच्या उन्हात एसटीने सासरी परतून रांगेत उभे राहावे, ही अपेक्षा करणाऱ्यांना खान्देशचे वर्षचक्र ठाऊक नव्हते.

आणि तरी २०२४ ला महाराष्ट्रातून सात स्त्रिया लोकसभेवर गेल्या, त्यातल्या तीन जळगाव, रावेर आणि धुळे या लगतच्या मतदारसंघांतून. हे यश पुरेसे मोलाने सांगितले जात नाही. उमेदवारीच्या वाटा अजून बहुधा घराण्यांतून जातात हे मान्य. पण निवडून आल्यावरचे काम त्यांचे स्वतःचे असते, आणि प्रतिभाताईंपासूनची ही ओळ आता बरीच लांब झाली आहे.

घराण्यांचा विषय निघाला तर पाचोऱ्याचे नाव घ्यायला हवे. तिथे शिवसेनेचे जुने आमदार आर. ओ. पाटील. त्यांचे पुतणे किशोर पाटील पुढे आमदार झाले, शिंदे यांच्याबरोबर गेले. २०२४ ला त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आर. ओ. तात्यांच्या कन्या वैशाली सूर्यवंशी, ठाकरे यांच्या शिवसेनेकडून. चुलतभाऊ आणि चुलतबहीण. असा सामना लागला की तालुक्यातल्या सगेसोयऱ्यांची फार ओढाताण होते. लग्नाच्या पंगतीत दोघांनाही तोंड दाखवायचे असते. पुष्कळ घरे मते वाटून देतात, दोन इकडे आणि दोन तिकडे. आणि ती चतुराई नसते, नाते न तोडण्याची धडपड असते.

शहरांची गोष्ट वेगळी. जळगाव शहराने १९८० पासून २०१४ पर्यंत सुरेशदादा जैन यांना निवडून दिले, मग ते काँग्रेसच्या एका गटात असोत, शिवसेनेत असोत की राष्ट्रवादीत. घरकुल प्रकरणात २०१२ ला अटक झाल्यावर २०१४ ला ते तुरुंगातून लढले आणि भाजपचे सुरेश भोळे निवडून आले. धुळे शहराने अनिल गोटे यांना १९९९ ला समाजवादी जनता पक्षाकडून, २००९ ला त्यांच्या स्वतःच्या लोकसंग्रामकडून आणि २०१४ ला भाजपकडून आमदार केले. डिसेंबर २०१८ मध्ये ते भाजपमध्ये असूनच भाजपविरुद्ध महापालिका लढले. ७४ पैकी ५० जागा भाजपला, लोकसंग्रामला एक. सत्तेपासून दूर चाललेल्या माणसाचे शहरानेही तेच केले जे मुक्ताईनगरने केले. २०१९ ला मते इतकी विभागली गेली की एमआयएमचे फारुक शाह ३,३०७ मतांनी आमदार झाले. त्याच वर्षी मे महिन्यात लोकसभेला दोन लाखांहून अधिक मतांनी हरलेले कुणाल पाटील ऑक्टोबरमध्ये धुळे ग्रामीणमधून काँग्रेसचे आमदार म्हणून निवडून आले. पाच महिन्यांत एकाच गावाने एकाच माणसाला दिल्लीसाठी नाही आणि मुंबईसाठी हो म्हटले.

धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्याचे वळण याहून निराळे आहे. १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून माणिकराव गावित नंदुरबारमधून सलग नऊ वेळा काँग्रेसचे खासदार झाले. २०१४ ला भाजपच्या डॉ. हीना गावित यांनी ती परंपरा तोडली आणि २०२४ ला गोवाल पाडवी यांनी जागा काँग्रेसकडे परत आणली. साक्री-शिरपूरच्या पाड्यांवर वनहक्काचा दावा मंजूर झाला की नाही, हा प्रश्न पक्षाच्या नावापेक्षा मोठा असतो. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडून १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणारे धुळ्याचे कॉ. शरद पाटील यांनी भिल्ल-कोकणा कष्टकऱ्यांत जे काम केले त्याने आमदार फारसे दिले नाहीत. पण जमिनीसाठी मोर्चा काढून कलेक्टर कचेरीपुढे बसायची जी रीत या पट्ट्यात दिसते तिच्यामागे त्या कामाचा मोठा वाटा आहे. निकालाच्या तक्त्यात असे राजकारण मोजले जात नाही, म्हणून ते नसते असे नाही.

पाणी हा प्रत्येक जाहीरनाम्यातला कायमचा परिच्छेद. १९९७ ला तापी पाटबंधारे विकास महामंडळ झाले, त्याचे मुख्यालय जळगावात. खडसे यांच्याकडे पाटबंधारे, गिरीश महाजन यांच्याकडे २०१४ पासून जलसंपदा, गुलाबराव पाटील यांच्याकडे पाणीपुरवठा. राज्याची पाण्याची खाती या एका जिल्ह्याने इतक्या वेळा सांभाळली. तरी अमळनेरजवळचे पाडळसे धरण आणि गिरणेवरचे बलून बंधारे निवडणुकीमागून निवडणुकीत आश्वासन म्हणून येत राहिले. धुळ्यात हेच सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेचे आणि मनमाड-इंदूर रेल्वेचे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांनी धुळ्यात या योजनेचे भूमिपूजन केले. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाली. पाडळसे अपुरे राहिल्याची शिक्षा खान्देशच्या मतदाराने आजवर कुठल्याही एका पक्षाला सलग दिलेली नाही. इथे त्याच्याकडून अधिक कठोरपणाची अपेक्षा करावीशी वाटते. कांद्यासाठी जो राग बागलाणने दाखवला, त्याच्या निम्मा राग अमळनेर-चोपड्याने पाण्यासाठी दाखवला असता तर एवढ्या वर्षांत पाडळसे धरणाची भिंत कधीच पूर्ण झाली असती.

१९५७, १९७७ आणि २०२४ चे धुळे-मालेगाव ही तीन उदाहरणे सांगतात की असा राग इथे येऊ शकतो. १९७७ ला जळगावातून यशवंत बोरोले आणि एरंडोलमधून सोनूसिंग पाटील असे आणीबाणीविरोधातले दोघे निवडून आले होते. सत्तेविरुद्ध खान्देश उभा राहिला तो दर वेळी प्रश्नासाठी. एखादा नेता पक्ष सोडून गेला म्हणून क्वचितच.

नेत्यांनीही हा हिशेब केलेला दिसतो. धुळे ग्रामीणचे पाटील घराणे तीन पिढ्यांचे काँग्रेसी. आजोबा चुडामण पाटील खासदार, वडील रोहिदास पाटील, सगळ्यांचे दाजीसाहेब, अनेक वर्षे मंत्री. सप्टेंबर २०२४ मध्ये दाजीसाहेब गेले, नोव्हेंबरमध्ये कुणाल पाटील विधानसभेला हरले आणि जुलै २०२५ मध्ये ते भाजपमध्ये दाखल झाले. आता धुळे ग्रामीणमध्ये जुने काँग्रेसचे कार्यकर्ते आणि ज्यांनी कुणाल यांना हरवले ते आमदार राम भदाणे यांचे कार्यकर्ते एकाच पक्षाच्या बैठकीला येतात. पुढच्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातील. मालेगाव धुळ्याबरोबर राहणार का, साक्री-शिरपूर परत येणार का, मलकापूर रावेरमध्ये राहणार का, यावर पुढचे निकाल उमेदवारांइतकेच अवलंबून असतील.